लेक्चरमध्ये कळतं, लॅबमध्ये सुचत नाही

प्रश्न : मॅडम, मी फर्स्ट इयरला आहे, आधी प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. आम्हाला सी ही भाषा आहे. सर फळ्यावर प्रोग्राम लिहितात तेव्हा ओळन् ओळ कळते पण लॅबमध्ये रिकामी स्क्रीन समोर आली की काही म्हणजे काही सुचत नाही, आणि शेजारचे धडाधड टाइप करत असतात. परवा फॅरेनहाइटचं सेल्सिअस करायचं होतं, एरर एकही नाही पण उत्तर कायम शून्य! शेवटी मित्राचा प्रोग्राम उतरवून सबमिट केला. सी सोडून पायथन करू का?

उत्तर : ते शून्य आलं ना, तिथूनच सुरू करू. तू बहुतेक ५/९ * (एफ - ३२) असं लिहिलं असणार, एफ म्हणजे फॅरेनहाइटचा आकडा. सीमध्ये ५ आणि ९ दोन्ही इंटिजर म्हणजे पूर्ण संख्या, मग भागाकारही इंटिजरमध्येच होतो, ०.५५ मधलं पॉइंटनंतरचं सगळं कापलं जातं आणि उरतं शून्य, पुढे कंसात काहीही असू दे, शून्याने गुणल्यावर शून्यच येणार. ५ च्या जागी ५.० लिही आणि उत्तराचं व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) फ्लोट म्हणजे दशांश संख्येचं ठेव, ९८ फॅरेनहाइटला दोन दशांशांपर्यंत ३६.६७ येईल. आणि नुसता क्रम बदलून (एफ - ३२) * ५ / ९ केलंस, एफ इंटिजरच ठेवून, तर ३६ येतं, कारण आधी गुणाकार होऊन ३३० झाले आणि मग ९ ने भागलं. हे दोन्ही स्वतः चालवून बघच. कम्पायलर, म्हणजे तुझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा, गप्प बसला कारण भाषेच्या नियमाने तुझी ओळ बरोबरच होती.

आता हे आपलं आपल्याला कसं सापडणार? वहीत. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायचा आणि एकेक ओळ वाचत त्याची किंमत लिहीत जायचं, मोठा हिशोब असेल तर त्याचे तुकडे करून. ५/९ चा वेगळा रकाना केला असतास आणि तेवढाच स्क्रीनवर छापून पाहिला असतास तर दोन मिनिटांत चोर सापडला असता. माझं तर म्हणणं आहे की सुरुवातीला रन करण्याआधी आउटपुट काय येईल ते लिहूनच ठेवायचं, मग तुझा अंदाज आणि मशीनचं उत्तर जिथे जुळत नाही तिथेच शिकण्यासारखं काहीतरी असतं.

लेक्चरमध्ये कळतं याचं कारण कुठलं व्हेरिएबल घ्यायचं, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) कुठे लावायचा हे सगळं सरांनी आधीच ठरवलेलं असतं, तू फक्त वाचतेस. लिहिताना ते तुला ठरवावं लागतं, आणि ते वेगळं कौशल्य आहे, त्याचा वेगळा सराव लागतो. फळ्यावरचाच प्रोग्राम घरी वही मिटून पुन्हा लिही, अडलीस की बघ, परत मिटव. मग लूपमधलं < काढून <= टाक आणि एक फेरी जास्त का होते ते वहीत तपास. उतरवून सबमिट करणं मात्र बंद कर, त्यापेक्षा अर्धा प्रोग्राम दे आणि सरांना सांग की मला हे अपेक्षित होतं, हे आलं. एआय टूललाही असंच विचार, आयता कोड मागू नकोस.

पायथनचं म्हणशील तर चांगली भाषा आहे, पायथन ३ मध्ये ५/९ ला ०.५५ च मिळतं. पण तिथेही इनपुटने घेतलेले ५ आणि ७ तसेच जोडले तर ५७ येतं कारण ते आकडे नसून स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतात! म्हणजे रकाने तिथेही आखावे लागणारच. हे सेमिस्टर सीच कर. शेजारच्यांना शाळेपासून येतंय म्हणून ते पुढे दिसतात, पॉइंटर्स (मेमरीतला पत्ता ठेवणारी व्हेरिएबल्स) आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आलं की त्यातल्या बऱ्याच जणांनाही नव्याने वही उघडावी लागते.

प्रश्न : गणित कच्चं आहे, पहिला प्रोग्रामिंग कोर्स झेपेल का?

उत्तर : झेपेल. पहिल्या कोर्सला बेरीज-वजाबाकी, भागाकारातली बाकी आणि 'हे खरं असेल आणि तेही खरं असेल तर' एवढा विचार पुरतो. पुढे अल्गोरिदम्सना, म्हणजे प्रश्न सोडवायच्या पद्धती शिकताना, लॉगरिदम, इंडक्शन असं गणित लागेल, त्याची तयारी सोबत हळूहळू सुरू ठेवा. बाकी काढणाऱ्या % या चिन्हाशी मात्र आत्ताच दोस्ती करा, सम-विषम ओळखण्यापासून संख्येतला शेवटचा अंक काढण्यापर्यंत सगळीकडे तेच लागतं.