तळ्याचा कागद आधी, पाणथळीचा वाद नंतर

प्रश्न : जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या वसाहतीमागे निजामकाळातील तळे आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यापासून त्यात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा पडत आहे. प्लॉटिंग करणारे खाजगी नावाचा सातबारा दाखवतात आणि नगर परिषद म्हणते, ‘हे अधिसूचित पाणथळ नाही.’ मी सेवानिवृत्त शिक्षक आहे; जमीन माझी नाही. मला काही करता येईल का? तळ्यावर शेकाट्या आणि टिबुकली हे पाणपक्षीही घरटी करतात.

उत्तर : करता येईल, मात्र नगर परिषदेचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्यावर भांडण्यात आपण वेळ घालवू नये. पाणथळ जागांविषयीचे केंद्राचे 2017 चे नियम अधिसूचित पाणथळ जागांना व रामसर स्थळांना (रामसर या आंतरराष्ट्रीय करारान्वये जाहीर झालेल्या पाणथळ जागांना) लागू होतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली तळी त्यांतील व्याख्येतूनच वगळलेली आहेत. मराठवाड्यातील बहुतेक तळी माणसाच्या हातची असल्याने हा अपवाद आपल्याला फार नडतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 रोजी उपग्रह नकाशांवरून निश्चित केलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना अधिसूचनेअभावीही संरक्षण देण्यास सांगितले आहे. आपले तळे साडेपाच एकरांच्या वर असेल, तर त्या यादीत ते आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारून ठेवावे.

आपला खरा आधार महसुली दप्तरात आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तेथवर, नदी-नाल्यांचे व तळ्यांचे तळ शासनाच्या मालकीचे असतात. सातबारा पाहून हबकण्याचे कारण नाही, कारण तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. 1954-55 चे खासरा पत्रक (तेव्हाच्या जमीन पाहणीची नोंद), सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही) आणि गावनकाशा यांच्या प्रमाणित नकला तहसील व भूमी अभिलेख कार्यालयातून काढाव्यात. जुनी पाने उर्दूत निघाली तर भाषांतर करून घ्यावे. त्या सर्व्हे नंबरासमोर ‘शिकम तलाव’ (म्हणजे तळ्याचा तळ) अशी नोंद सापडली, तर खाजगी नाव कोणत्या फेरफाराने आणि कोणाच्या आदेशाने चढले, हे समोरच्याला सांगावे लागेल. अशा नावांच्या मुळाशी पुष्कळदा गाळपेर निघतो, म्हणजे पाणी आटल्यावर हंगामापुरती कसायला दिलेली जमीन. आणि हंगामाच्या पट्ट्याने मालकी मिळत नाही. गावतळी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांवरील अतिक्रमणे हटवावीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी (2001) व जगपाल सिंग (2011) या निकालांत घेतली आहे.

पक्ष्यांचा मुद्दा आपण पत्राच्या शेवटी घातला आहे, तो अर्जात वर घ्यावा. शेकाट्या काठच्या चिखलावरच अंडी घालतो आणि टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींवर तरंगते, त्यामुळे मुरमाची एक खेप दोन्ही गाडून टाकू शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील ‘शिकारी’च्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणेही येते. घरटी दिसताच तारखेसह छायाचित्रे घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

आता मुदतीचे पाहू, कारण खरी घाई तेथेच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे कोणतीही बाधित व्यक्ती अर्ज करू शकते. जमीन स्वतःची असावी लागत नाही, आणि नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क हजार रुपये आहे. भराव थांबवण्यासाठीचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. हे सहा महिने शेवटच्या टिप्परपासून नव्हे, पहिल्यापासून मोजले जाण्याचा धोका आहे, म्हणून श्रावण उजाडण्याआधी अर्ज दाखल झालेला असावा. भराव काढून तळे पूर्ववत करून मागण्यासाठी मुदत पाच वर्षांची आहे. दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात.

टिप्पर अडवायला आपण स्वतः उभे राहू नये आणि वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणाचे नाव घेऊन आरोपही करू नये. गाडीचा क्रमांक, दिवस व वेळ एका वहीत लिहीत जावे. तहसीलदारांकडे स्थळ पंचनाम्याचा अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची पोहोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नये.