वाचकांचे प्रश्न : विधेयक मांडण्यापूर्वी आरोग्याचा विचार

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात विधेयक मंजूर होण्यापूर्वी त्याचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, हे तपासून पाहतात असे वाचनात आले. ही तपासणी नेमकी कशी होते? ज्या कायद्याचा आरोग्याशी वरवर संबंध दिसत नाही, त्याचीही होते का? आपल्याकडे अशी काही सोय आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय, आणि आरोग्याशी वरवर संबंध न दिसणाऱ्या कायद्यांच्या बाबतीतच ही तपासणी अधिक मोलाची ठरते. रुग्णालयांविषयीचे विधेयक आले की आरोग्य खात्याचे मत घेतले जातेच. पण किमान वेतन, घरभाडे, शाळेची वेळ किंवा कामाचे तास यांविषयी विधेयक आले की त्या चर्चेत आरोग्याची बाजू मांडायला बहुधा कोणीच नसते, आणि माणसे आजारी पडण्याची कितीतरी कारणे मात्र तिथेच दडलेली असतात.

वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहर ज्यात आहे त्या राज्यात, २००६ साली ही जबाबदारी कायद्याने राज्य आरोग्य मंडळाकडे सोपवण्यात आली. तिथला राज्यपाल किंवा विधिमंडळाचा कोणताही सदस्य, मग तो विरोधी पक्षाचा का असेना, एखाद्या विधेयकाचे किंवा अर्थसंकल्पातील प्रस्तावाचे परीक्षण मागू शकतो. अधिवेशन चालू असताना मागणी आली, तर मंडळाला १० दिवसांत अहवाल द्यावा लागतो. तिथले अधिवेशन एका वर्षी १०५ दिवसांचे तर दुसऱ्या वर्षी ६० दिवसांचे असते, त्यामुळे मतदान उरकल्यावर हाती पडणारा अहवाल कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी कोणाच्या उपयोगाचा नसतो.

परीक्षणाची रीत समजण्यासाठी तिथलेच एक उदाहरण घेऊ. गरीब घरांतील मुलांना शाळेत न्याहारी मिळत असे, पण ती शाळा भरण्यापूर्वी. बस उशिरा पोहोचली की मूल उपाशीच वर्गात बसे. न्याहारी घंटा झाल्यानंतर द्यावी, असे विधेयक आले तेव्हा आरोग्य मंडळाने त्याचे परीक्षण केले. अशा परीक्षणात परिणामांची साखळी कडी-कडीने मांडली जाते: वेळ बदलली तर खरोखर जास्त मुले खातील का, खाल्ल्याने हजेरी आणि अभ्यास सुधारेल का, शिक्षण सुधारले तर पुढच्या आयुष्यात प्रकृतीवर काय परिणाम होईल, आणि हा लाभ ज्यांची प्रकृती आधीच मागे पडलेली आहे त्यांच्यापर्यंत अधिक पोहोचेल की कमी. प्रत्येक कडीपुढे तिला असलेला पुरावा भक्कम आहे, बऱ्यापैकी आहे की त्या बाबतीत पुरेसे संशोधनच झालेले नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल या प्रामाणिक प्रतवारीत आहे. विधेयक मंजूर करावे की नाही, हे मंडळ सांगत नाही. तो निर्णय लोकप्रतिनिधींचाच राहतो. न्याहारीविषयीचा कायदा तिथे २०१८ साली झाला.

कॅनडातील क्वेबेक प्रांताची वाट थोडी वेगळी आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या ५४व्या कलमानुसार, ज्या कायद्याचा वा नियमाचा आरोग्यावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो, त्याची आखणी करतानाच संबंधित मंत्र्याने आरोग्यमंत्र्यांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. हे कलम २००२ पासून लागू आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाला उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते आणि तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापनही असते. आरोग्यावरील भाराचे ज्ञापन मात्र कुठेच नसते. केंद्र सरकारने २०१४ साली विधिपूर्व विचारविनिमयाचे जे धोरण स्वीकारले, त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि त्यासोबत पर्यावरण, मूलभूत हक्क, बाधित लोकांचे जीवन व उपजीविका यांवरील परिणामांचा अंदाज द्यावा, असे म्हटले आहे. ‘जीवन’ या शब्दात आरोग्य आलेच, असे मी तरी मानतो. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे, आणि अनेक विधेयके त्याला वळसा घालूनच संसदेत येतात.

अशा तपासणीची गरज किती आहे, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि मोठ्या दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. यावरची चर्चा गुंतवणूक आणि रोजगार यांभोवतीच फिरत राहिली. आरोग्याच्या अंगाने तपासणाऱ्याने काय पाहिले असते? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. मात्र हे आकडे आठवड्याचे आहेत आणि बदल दिवसाच्या मर्यादेत आहे. म्हणून ओव्हरटाइम धरून प्रत्यक्षात आठवडा ५५ तासांच्या पलीकडे जाईल का, हा त्याचा पहिला प्रश्न असायला हवा होता. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने घरात येणाऱ्या पैशाचा प्रकृतीला होणारा लाभही त्याने तितक्याच निष्ठेने नोंदवला असता.

त्यानंतर हा भार कोणावर पडतो, हे त्याला पाहावे लागले असते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या आणि जाता-येता दीड-दीड तास बसमध्ये घालवणाऱ्या बाईचे बारा तासांच्या पाळीला पंधरा तास घराबाहेर जातात. उरलेल्या नऊ तासांत पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचे आणि झोप हे सगळे बसवायचे असते. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागते हे खरे. पण कायम कामगाराची संमती आणि उद्या कामावर घेतील की नाही याची खात्री नसलेल्या कंत्राटी कामगाराची संमती, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. आरोग्यातील विषमता वाढते ती अशा ठिकाणी, आणि सर्व कामगारांची सरासरी काढली की ती दिसेनाशी होते.

प्रश्न : इतके तपासत बसलो तर कायदे होणार कधी? शिवाय असे अंदाज पुढे खरे ठरतात का?
— एक निवृत्त शासकीय अधिकारी, नागपूर

उत्तर : वेळेचे उत्तर वरच्या १० दिवसांच्या मुदतीत आले आहे. अंदाजांविषयी स्कॉटलंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. दारूची एका ठरावीक किमतीखाली विक्री करू नये, असा कायदा तिथे २०१२ साली झाला आणि त्याआधी शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या परिणामांचे गणित मांडले होते. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिल्यामुळे अंमलबजावणी मे २०१८ पर्यंत रखडली. पुढे २०२३ मध्ये झालेल्या मूल्यमापनात, निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे १३.४ टक्क्यांनी कमी झाले, असा अंदाज निघाला आणि ही घट गरीब वस्त्यांत अधिक आढळली. त्याच मूल्यमापनात हेही नोंदले गेले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या आणि हातात पैसा नसलेल्या काही जणांनी अन्नावरचा खर्च कमी करून दारू घेतली. म्हणजे दिशा बरोबर ठरली, तरी सर्वांत असहाय माणसांसाठी उपचारांची जोड हवी होती. हे कळले, कारण पाच वर्षांनी फेरतपासणी करावी आणि विधिमंडळाने पुन्हा मंजुरी न दिल्यास सहा वर्षांनी ही तरतूद संपावी, असे मूळ कायद्यातच लिहिले होते. आपल्या कायद्यांतही अशी तरतूद असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा सेविका म्हणून काम करते. मसुद्यावर हरकती मागवल्या, तर आमच्यासारख्यांनी काय लिहावे?

उत्तर : ताई, आपल्या नोंदवह्यांत जे आहे ते लिहावे. आपल्याच जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे समोर आले. त्यामागे वैद्यकीय गैरप्रकार होते, तसेच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला, पाळीच्या त्रासामुळेही खाडा परवडत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, ही कामाची अटही होती. ही अट मजुरीच्या कराराची आहे, आरोग्य खात्याच्या अखत्यारीतली नाही. आणि राज्याच्या सरासरीत तर ती कधीच उमटली नसती. म्हणून मजुरी, स्थलांतर, रेशन किंवा पाणी यांविषयीचा कोणताही मसुदा आला, तर त्यातील कोणत्या कलमाने कोणत्या वस्तीतील बायकांच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल, हे कलमाचा क्रमांक घालून लिहावे. कोणाचेही नाव न देता संख्या द्यावी आणि परिणामांचा अंदाज स्त्रिया, आदिवासी, कंत्राटी व हंगामी मजूर असा वेगवेगळा मांडण्याची मागणी करावी. सूचना मराठीतच लिहावी, मुदतीच्या आत पाठवावी आणि तिची पोच जपून ठेवावी.