‘आम्ही त्यात बसतो का?’

गेल्या दीड-दोन वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच ज्येष्ठ झोपेची तक्रार घेऊन येतात. जरा खोदून विचारलं की कळतं, झोप उडाली ती मेडिक्लेमच्या रिन्यूअलची नोटीस आली त्या आठवड्यात. खरा प्रश्न मात्र निघताना, चपला घालता घालता येतो: ‘‘मॅडम, ते सरकारी कार्ड म्हणतात ना, आम्ही त्यात बसतो का?’’

त्यातल्याच एका जोडप्याची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात ३५ वर्षं लेथवर होते. जन्मतारीख १ जून १९५५, म्हणजे त्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राला शाळेतल्या गुरुजींनी दिलेली. काकू ६६ वर्षांच्या. २०२५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला काकूच काकांना घेऊन आल्या. काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून नोटीस काढून माझ्यासमोर सरळ करून ठेवली. दोघांचा मिळून हप्ता ६४,९०० रुपये, त्याभोवती लाल पेनाचं वर्तुळ. शेजारी त्यांच्याच अक्षरात ‘२,२५० × १२ = २७,०००’. हे त्यांचं ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं, वर्षाचं पेन्शन. बाकी घर एफडीच्या व्याजावर.

पहिल्या भेटीत मी चूक केली. प्रश्न माहितीचा आहे असं समजून माहिती दिली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय तेवढं बघतात. काकांनी मान डोलावली, सगळं लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा कार्ड काढलेलं नव्हतं.

‘‘उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला,’’ काका म्हणाले.

‘‘दाखला लागत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं,’’ काकू.

‘‘लागत नसेल. पण शेवटी गरीब म्हणूनच देणार ना? आजवर कुणापुढे हात पसरला नाही. माझं मीच निस्तरलं पाहिजे.’’

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने शिकलेली. माणूस प्रसंगाने जेवढा पिचतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने पिचतो, असं मानणारी. मराठीत तो हट्ट हुडकणं सोपं जातं, कारण आपण त्याला एक अक्षरच देऊन ठेवलंय: ‘च’. इतक्या वर्षांत माझा कान त्याला चांगला सरावलाय. ‘माझं मी निस्तरावं’ ही इच्छा झाली. ‘मीच निस्तरलं पाहिजे’ म्हटलं की मदतीचं प्रत्येक दार अपमानाचं होतं. पण हे समोरच्याला तत्त्व म्हणून सांगून काही होत नाही. त्याच्या रोजच्या व्यवहारातलं काहीतरी हाताशी लागावं लागतं.

‘‘काका, गावाला कसे जाता?’’

‘‘एसटीने. स्वारगेटहून वाई.’’

‘‘तिकीट?’’

‘‘हाफ. पासष्टनंतर अर्धंच लागतं.’’

‘‘म्हणजे दर वेळी कंडक्टरपुढे हात पसरता?’’

काका एकदम ताठ बसले. ‘‘हात कशाला पसरू? आधार दाखवतो. ते वयाचं असतं!’’

काकूंना हसू आवरेना. ‘‘मला तर वयसुद्धा सांगावं लागत नाही. बायकांना सरसकट हाफ.’’

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलण्याचा मोह आवरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब, आणि ते मला जमतं असं म्हणायला हरकत नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काकांनी नोटीस पुन्हा सरळ केली, ती आधीच सरळ होती.

‘‘म्हणजे हेही वयाचंच,’’ ते हळूच म्हणाले.

‘च’ तोच होता. फक्त योग्य शब्दाला लागला होता.

पुढचं मग सोपं झालं. तोवर २२ सप्टेंबर उलटून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला होता. हप्ता ५५,००० वर आला. ‘‘हे ९,९०० वाचले, तेही सरकारच्याच निर्णयाने. ते परत करणार का?’’ असं विचारलं तेव्हा काका पहिल्यांदा मोकळं हसले.

‘बसतो का’ या प्रश्नामागे बहुतेकांचा हाच गुंता असतो. पात्र शब्द ऐकला की आपली लायकी मोजली जातेय असं वाटतं. पुरेसे गरीब नसलो तर हाकलतील, आणि असलो तर चारचौघांत दिसेल. दोन्हीकडून कोंडी. म्हणून मी आता आधी ही कोंडी सोडवते, मग नियम सांगते.

नियमांत लोक अडखळतात ते असं. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर मात्र दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. जुन्या आजारांना थांबायची मुदत नाही, मधुमेह-बीपी पहिल्या दिवसापासून धरतात. पण उपचार योजनेतल्या रुग्णालयातच, आणि भरती झाल्यावरच. ओपीडीच्या गोळ्या खिशातूनच घ्यायच्या. तेव्हा नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का, हे धडधाकट असतानाच बघून ठेवा. विचारायला १४५५५ हा नंबर आहे.

काकू सत्तरीच्या आतल्या. त्यांना घरी कुणी विचारातच घेतलं नव्हतं. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. काकांचं पांढरं कार्ड ट्रंकेत होतं, ‘पत्त्याचा पुरावा’ म्हणून. तुमचंही काढून त्यावर सगळ्यांची नावं आहेत ना ते बघा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तिथे रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं.

मग खासगी पॉलिसी सोडायची? कार्ड हातात आल्या दिवशी तर नक्कीच नाही. एकदा बंद केली आणि या वयात नवी घ्यायची म्हटली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. झेपतच नसेल तर आधी कंपनीला विचारा: उपचाराच्या बिलातली काही रक्कम आपण सोसायची ठेवली तर हप्ता किती उतरतो? मुलं भरत असतील तर जुन्या करप्रणालीत त्यांना आयकरात ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोखीने भरू नयेत.

कार्ड काढायला काका सेवा केंद्रात गेले तेव्हा अंगठा उमटेना. पस्तीस वर्षं लोखंड हाताळून रेषा झिजलेल्या. केंद्रातल्या मुलाने मोबाइल समोर धरून चेहऱ्यावर काम भागवलं. ‘‘फोटोत मी अगदी सत्तरचा दिसतो,’’ असं त्यांनी मला फोनवर सांगितलं, जरा कौतुकानेच.

पॉलिसी त्यांनी या वर्षी चालू ठेवलीय. बंगळुरूचा मुलगा ‘बाबा, मी भरतो’ म्हणून तीन वर्षं मागे लागलाय. तिथे काकांचा ‘च’ अजून जागच्या जागी आहे. पुढच्या महिन्यात तिघं येणार आहेत.