वाचकांचे प्रश्न: तुरटीचा खडा आणि काकवीतली साखर

प्रश्न: विज्ञान प्रदर्शनासाठी तुरटीचा एकच मोठा स्फटिक वाढवायचा आहे. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात २०० ग्रॅम तुरटी विरघळवली आणि दोऱ्याला बांधलेला छोटा खडा लगेच आत सोडला. सकाळी तळाशी आणि दोऱ्यावर बारीक स्फटिकांचा थर होता, बांधलेला खडा मात्र गायब. चुकलं कुठे?
(विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: खडा गायब झाला, कारण उकळत्या पाण्यात २०० ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त तुरटी मावते. गरम द्रावण उपाशीच होतं, त्याने तुमचा खडा खाल्ला. नंतर थंड होताना उलटं झालं. १०० मिली पाण्यात ५० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम तुरटी विरघळते, २५ अंशांना जेमतेम १४. म्हणजे अर्ध्या लिटरला ७० ग्रॅम पुरे असताना तुमच्या बरणीत जवळजवळ तिप्पट होती.

इतकी अतिसंपृक्तता (द्रावणात मावते त्याहून जास्त तुरटी) असली की नवे स्फटिक जिथे तिथे जन्म घेतात. एरवी हा जन्मच अवघड असतो. द्रावणात रेणूंचे पुंजके सतत जुळतात आणि मोडतात. पुंजका लहान असताना त्याच्या आकाराच्या मानाने पृष्ठभाग फार असतो आणि तो पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, म्हणून तो विरघळून जातो. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला तरच टिकतो. द्रावण जितकं जास्त अतिसंपृक्त, तितका हा आकार लहान. धूळ, बरणीवरचे ओरखडे, सुती दोऱ्याचे तंतू यांच्या आधाराने तर काम आणखी सोपं होतं. तयार स्फटिकाला मात्र वाढायला थोडीशी अतिसंपृक्तताही पुरते. तुम्हाला याच मधल्या पट्ट्यात राहायचं आहे: जुना वाढेल, नवा जन्मणार नाही.

अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी (इन्व्हर्टरसाठी मिळतं ते चालेल) ६० अंशांपर्यंत तापवून त्यात १०० ग्रॅम तुरटी विरघळवा, गाळा आणि झाकून दोन दिवस ठेवा. तळाशी जमलेल्या स्फटिकांतून ३ ते ५ मिलिमीटरचा, आरपार दिसणारा, आठ पैलूंचा एक निवडा. वरचं द्रावण आता खोलीच्या तापमानाला संपृक्त आहे. ते दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, त्यात १० ग्रॅम तुरटी घाला, ५० अंशांपर्यंत तापवून फिल्टर पेपरमधून गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. मगच स्फटिक सोडा. बांधायला सुती दोरा नको, गळाची बारीक नायलॉन तंगूस घ्या. सोडण्यापूर्वी स्फटिक साध्या पाण्यात क्षणभर बुडवून काढा. त्याला चिकटलेली भुकटी तशीच आत गेली तर तिचा प्रत्येक कण वेगळा वाढू लागतो, आणि बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

बरणीवर कापड बांधा, घट्ट झाकण नको. कोल्हापुरात हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात बराच फरक पडतो. दुपारी खडा झिजतो, पहाटे तळाशी नवे स्फटिक येतात. बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली की हा त्रास कमी होतो. तरीही तळाशी स्फटिक दिसले तर मोठा बाहेर काढून पुसून ठेवा आणि द्रावण पुन्हा तापवून, गाळून, थंड करा. घाई केलीत तर वेगाने वाढताना द्रावणाचे थेंब आत अडकतात आणि स्फटिक दुधाळ होतो.

प्रश्न: आमच्या गुऱ्हाळावरच्या काकवीच्या डब्यात दोन-तीन महिन्यांनी तळाशी साखर बसते. ग्राहक भेसळ म्हणतात.
(गुऱ्हाळचालक, करवीर तालुका)

उत्तर: भेसळ नाही, उसाचीच साखर आहे. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते. काकवी जास्त आटली की ही मर्यादा ओलांडली जाते. रस १०३ ते १०६ अंशांच्या दरम्यान असतानाच उतरवा. गुळव्याचा अंदाज गुळासाठी ठीक, काकवीला थर्मामीटरच हवा. किलोला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० किलोला ४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. त्याने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि मिश्रणातून स्फटिक सहज सुटत नाहीत. प्रमाण वाढवू नका, काकवी आंबट लागेल. मग आठ-दहा दिवस निवू द्या आणि वरची स्वच्छ काकवी भरा. डबे धुऊन पूर्ण वाळवलेले हवेत. जुन्या डब्याच्या तोंडाशी सुकलेली साखर म्हणजे आयतं बियाणं. साखर कारखान्यात पॅनमध्ये मुद्दाम असंच बियाणं सोडतात, स्पिरिटमध्ये वाटलेली बारीक साखर. तुम्हाला तेच टाळायचं आहे. साखर बसलेले डबे ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून शेवटचा कण विरघळेपर्यंत हलवा, एकही राहिला तर साखर परत बसेल. वरून पाणी मात्र ओतू नका. पातळ झालेल्या थरात यीस्ट वाढून काकवी फसफसते.

प्रश्न: तुरटीचा तयार स्फटिक काही आठवड्यांत पांढरा पडला. चमक टिकवायची कशी?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर: तुरटीच्या स्फटिकात पाण्याचे रेणू बांधलेले असतात. कोरड्या हवेत पृष्ठभागावरचे निसटतात आणि तिथे पांढरी भुकटी राहते. स्फटिक टिपकागदाने कोरडा करून लगेच रंगहीन नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. आधीच पांढरा पडलेला असेल तर संपृक्त द्रावणात काही मिनिटं धरून पुसा, मग लावा. उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नका.