वांगी थेट मागवायचीत? आधी माल कोण उचलणार ते पक्कं करा

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांच्या दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला जळगावकडची केळी आणि भरताची वांगी थेट शेतकऱ्याकडून हवीत, सुरुवात कशी करायची? आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले सात शेतकरी तीन हिवाळे हेच करतोय, म्हणून लिहितो.

बाजार समितीची काळजी सोडा; फळं-भाजीपाला बाहेर विकायला राज्यात २०१६ पासून मोकळीक आहे. केळीचा नाद मात्र करू नका. घड हिरवाच कापतात, पिकवायला रायपनिंग चेंबर लागतं. बाल्कनीत ठेवून निम्मी काळी पडतील, निम्मी कच्ची राहतील. तुमच्या पुण्यातल्याच चेंबरवाल्याकडून घ्या, माल रावेर-यावलचा आहे का एवढं विचारा.

वांगी जमतात. आमच्या तालुक्यातल्या बामणोदकडची हिरवी, मोठी, बी कमी. दिवाळीनंतर थंडी पडली की खरी चव. संध्याकाळी तोडायची, क्रेट भरायचे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचे. पहाटे सहाला उतरवून घ्यायला तुमचा माणूस उभा पाहिजे. ड्रायव्हर थांबत नाही हो!

आमचे हात पोळले ते दुसरीकडेच. पहिल्या वर्षी एका सोसायटीने ग्रुपवर तीनशे किलोची यादी टाकली. आम्ही तोडली, पाठवली. शनिवारी उचलली एकशेवीस, कारण जोडून सुट्टी आली आणि लोक गावाला गेले. उरलेली हातगाडीवाल्याला मागेल त्या भावात. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं, पण तोडलेलं वांगं झाडाला परत थोडंच लागतं?

तेव्हापासून पैसे बुधवारी, तोडणी गुरुवारी. आणि हंगामभर एकच भाव, दोघांनी बसून ठरवलेला. लिलावात भाव चढला तरी आम्ही तिकडे पळत नाही. पडला तर तुम्ही ‘मंडईत निम्म्यात मिळतंय’ म्हणायचं नाही. डिसेंबरात आवक वाढली की हा फोन येतोच. सोसायटीला हे झेपणार नसेल तर मंडईच बरी, खरंच सांगतो. त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्याकडे कुणी जळगाव-धुळ्याचं असेलच, त्यांना हिशेबाला धरा. वांगं वाकडं आलं म्हणून ते परत पाठवणार नाहीत. पहिली खेप पन्नास किलोचीच मागवा. गॅसवर भाजलंत तर भरीत होईल, पण आम्ही ज्यावर भाजतो त्या कपाशीच्या काड्यांचा धूर काही त्यात उतरायचा नाही. त्यासाठी जानेवारीत एक रविवार इकडे या, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आमच्याकडे.