हॉवित्झरला उखळी तोफ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "एका बातमीत 'हॉवित्झर (उखळी तोफ)' असं छापलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि हॉवित्झर हा शब्द मुळात इंग्रजी की जर्मन?"

उखळी तोफ म्हणू नये, आणि शब्द मूळचा दोन्हींपैकी एकाही भाषेतला नाही. तो चेक आहे. सहाशे वर्षांपूर्वी एका छोट्या देशातल्या शेतकरी-कारागिरांच्या सैन्याने तो रुजवला. आधी त्याच्या जन्माची हकिकत सांगतो. ती माझ्या अतिशय आवडीची आहे आणि 'उखळी' का नको, याचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

देश बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. प्रागमध्ये यान हुस नावाचा धर्मोपदेशक लोकांच्या भाषेत, चेकमध्ये, प्रवचनं देई आणि चर्चमधल्या पैशाच्या बाजारावर कडाडून टीका करी. 6 जुलै 1415 रोजी आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स इथे त्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांनी हत्यार उचललं. मग पोप आणि हंगेरी-जर्मनीचा राजा सिगिस्मुंड यांनी 1420 पासून त्यांच्यावर एकामागून एक धर्मयुद्धं पुकारली. समोर नखशिखान्त चिलखत घातलेले घोडेस्वार, आणि इकडे बहुतेक शेतकरी, लोहार, सुतार, सोबत बायकामुलंही. त्यांचा सेनापती यान झिश्का आधीच एका डोळ्याने आंधळा होता. 1421 मध्ये एका किल्ल्याच्या वेढ्यात त्याचा दुसरा डोळाही गेला, तरी 1424 मध्ये मरेपर्यंत तो फौज चालवत राहिला.

या लोकांकडे घोडदळ जेमतेम होतं. गाड्या मात्र होत्या. शेतमाल वाहायच्या, घोडे जुंपायच्या साध्या गाड्या. झिश्काने त्यांना बाहेरच्या बाजूने जाड फळ्या ठोकल्या, चाकांच्या मधून शत्रू घुसू नये म्हणून खाली आणखी एक फळी टांगली, आणि लढाईच्या वेळी गाड्या एकमेकींना साखळदंडांनी जखडून त्यांचा कोट उभा केला. या रचनेला चेकमध्ये 'वोझोवा ह्रदबा' म्हणतात, शब्दशः गाड्यांची तटबंदी. एका गाडीवर साधारण वीस जण: क्रॉसबोवाले, बंदूकवाले, भालेवाले, गाडीवान, आणि मळणीला धान्य झोडपायची दांडकी घेतलेले शेतकरी. दांडकीच्या टोकाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. 25 मार्च 1420 ला सुदोम्येर्श इथे अवघे चारशेच्या आसपास लोक आणि बारा गाड्या, एवढ्या बळावर झिश्काने कितीतरी पट मोठ्या घोडदळाला थोपवलं. त्याने मुद्दाम माशांच्या तळ्यांमधली जागा धरली होती. एक तळं उपसलेलं होतं. त्याच्या गाळातून घोडे जाईनात, म्हणून सरदारांना खाली उतरून चिलखतासकट चिखल तुडवत यावं लागलं.

आता मूळ मुद्दा. गाड्यांच्या मधल्या फटींत या लोकांनी तोफा ठेवल्या. तोवर तोफ म्हणजे मुख्यतः किल्ल्याच्या भिंती फोडायचं अवजड धूड. ते ओढत न्यायचं, ओंडक्यांवर बसवायचं आणि दिवसभरात मोजके गोळे टाकायचे. हुसाइटांनी, म्हणजे हुसच्या अनुयायांनी, आखूड नळीच्या, रुंद तोंडाच्या तोफा लाकडी चौकटीवर, चाकांवर चढवल्या. त्यात दगड भरायचे आणि घोळका अगदी जवळ आला की डागायच्या. चेकमध्ये घोळक्याला, जमावाला 'होउफ' म्हणतात. त्यावरून तोफेचं नाव पडलं 'होउफ्नित्से', घोळक्यावर चालवायची ती. गंमत अशी की 'होउफ' हा शब्द चेकने त्याआधी जर्मनकडून घेतलेला. म्हणजे शब्द जर्मनमधून गेला, तोफ होऊन जर्मनमध्ये परतला, तिथे झीज होत होत 'हाउबित्से' झाला, आणि डच वळण घेऊन सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत पोचला. फ्रेंचांनी त्याचं 'ओब्यु' केलं. तिकडे आज त्याचा अर्थ तोफ नसून तोफगोळा असा आहे.

त्याच सैन्याकडे एक हातबंदूक होती, लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी लोखंडी नळी. तिचं नाव 'पीश्त्याला'. या शब्दाचा अर्थ शिट्टी, पावा. बरेच व्युत्पत्तिकार युरोपभरचा 'पिस्टल' इथून निघाला असं मानतात. काही जण इटलीतल्या पिस्तोइया गावाकडे बोट दाखवतात, तो वाद मिटलेला नाही. मला चेक बाजू जास्त पटते, कारण तिथे वस्तू आणि शब्द दोन्ही एकाच काळात, एकाच हातात दिसतात. आपलं 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून आलं. चेक बाजू खरी असेल तर शिट्टी गोव्यामार्गे आपल्यापर्यंत आली.

गाड्यांच्या कोटाची वाटचाल मात्र शब्दांपेक्षा लांबची आहे आणि ती थेट पानिपतावर येते. हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी याने चेक लोकांकडून ही रीत उचलली आणि 1443-44 च्या मोहिमांत तुर्कांवर वापरली. मार खाल्लेल्या तुर्कांनी ती शिकून घेतली. 1526 मध्ये पानिपतावर बाबराने सातशे गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधल्या, मध्ये ढालींचे आडोसे उभे केले आणि मागे बंदूकवाले ठेवले. आपण हे 'रूमी' पद्धतीने केलं असं तो स्वतः आठवणींत लिहितो. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या रीतीने. झिश्काच्या शेतकऱ्यांपासून इब्राहिम लोदीच्या पराभवापर्यंत ही साखळी अनेक इतिहासकार जोडतात, आणि मधले टप्पे पाहिले की ती जुळतेही.

बाबर गाडीला 'अराबा' म्हणतो. जुनी मराठी पत्रं वाचणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. पेशवाईतल्या पत्रांत 'अराबा' किंवा 'आराबा' येतो तो तोफांच्या गाड्यांसाठी, तोफखान्याच्या ताफ्यासाठी. मुळातला अर्थ फक्त गाडा. पुढे गाड्यावरची तोफ, मग तोफांची रांग, असा तो सरकला.

आता 'उखळी'कडे येऊ. 'उखळी तोफ' हा आपला जुना, अस्सल शब्द आहे आणि त्याला त्याची स्वतःची वस्तू आहे. ती वस्तू म्हणजे मॉर्टर. इंग्रजीतही मॉर्टर म्हणजे आधी खल, मग तोफ. उखळासारखी आखूड, तोंड आभाळाकडे. पायदळाची 81 मिलिमीटरची मॉर्टर डोळ्यासमोर आणा: जमिनीवर लोखंडी तबकडी, तिच्यावर टेकवलेली गुळगुळीत नळी, पुढे दोन पाय. जवान वरच्या तोंडातून बाँब आत सोडतो, तो घसरत बुडाशी जातो, तिथल्या टोच्यावर आपटतो आणि उलटा बाहेर पडतो. मारा नेहमी 45 अंशांच्या वर, कारण गोळा टेकडीपलीकडे किंवा खंदकात वरून उतरवायचा असतो.

हॉवित्झर मागून भरतात. आधी गोळा ठासतात, मग त्याच्या मागे दारूच्या थैल्या किंवा ठोकळे ठेवतात. हॉवित्झरचा खरा गुण या थैल्यांत आहे. तोफ तीच, गोळा तोच, पण दारू कमी-जास्त करून आणि नळीचा कोन बदलून गोळ्याला हवी तशी वाट देतात. कधी 45 च्या खाली सपाट, दूर; कधी 45 च्या वर, डोंगराच्या पाठीमागे. कारगिलला 1999 मध्ये बोफोर्सने हेच केलं. ती 155 मिलिमीटर, 39 कॅलिबरची हॉवित्झर, म्हणजे नळीची लांबी 155 च्या 39 पट, जवळजवळ सहा मीटर. सहा मीटर लांब नळीला उखळ म्हणायला मराठी माणसाची जीभ वळू नये.

एक सूट द्यावीशी वाटते. अठराव्या शतकातली हॉवित्झर आखूड होती आणि दारू भरलेले फुटणारे गोळे, आपल्या जुन्या भाषेत कुलपी गोळे, उंचावरून टाकायला वापरत. रूपाने ती उखळीची सख्खी बहीणच. त्या काळच्या लढाईवर लिहिताना कोणी 'उखळी' म्हटलं तर मी लाल रेघ मारणार नाही. आजच्या बातमीत मात्र नाही. तिथे वाचकाला चुकीची वस्तू दिसते.

दुसरी गल्लत याहून जास्त होते, तिचा प्रश्नात उल्लेख नसला तरी सांगतो. 9 नोव्हेंबर 2018 ला नाशिकजवळ देवळालीला के-9 वज्र आणि एम-777 या दोन तोफा लष्करात दाखल झाल्या. देवळाली हे आपल्या तोफखान्याचं माहेरघर, तोफखाना प्रशिक्षणाची मोठी संस्था तिथेच आहे. यातली वज्र पट्ट्यांवर चालते, तिला फिरता बुरूज आहे, त्यामुळे फोटोखाली सर्रास 'रणगाडा' लिहिलं जातं. ती रणगाडा नाही, हॉवित्झर आहे. रणगाडा शत्रूच्या समोर जाऊन दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करतो, म्हणून त्याचं पोलादी कवच जाड. वज्र कितीतरी किलोमीटर मागे उभी राहते, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करते आणि जागा सोडते. तिचं कवच तोफगोळ्यांच्या कपच्यांपुरतं. खरं तर 'रणगाडा' या सुंदर शब्दात झिश्काची गाडीच जास्त चपखल बसली असती, पण शब्द आता रुळला आहे.

चेक सैन्याकडे याच जातीची एक जुनी तोफ आहे, 'दाना'. कम्युनिस्ट काळात, 1970 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाने ती बनवली. बाकीचे देश अशा तोफा पट्ट्यांवर बसवत होते, तेव्हा यांनी 152 मिलिमीटरची तोफ आठ चाकांच्या तात्रा ट्रकवर चढवली आणि गोळा भरायचं काम यंत्राकडे दिलं. तात्रा आपल्याला परकी नाही. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेलं पिनाका रॉकेट तात्रावरूनच सुटताना आपण संचलनात पाहतो. दानाच्या अधिकृत नावात आजही 'होउफ्नित्से' हा शब्द आहे, सहाशे वर्षांनंतरही टिकलेला. गाडीवर तोफ चढवणाऱ्या त्या लोकांच्या देशाने पुन्हा गाडीवरच तोफ चढवावी, हे मला फार भावतं.

अशा तोफांसाठी 'स्वयंचलित तोफ' लिहितात, तेही खटकतं. स्वयंचलित म्हणजे आपोआप चालणारी. दानासारखीत गोळा यंत्र भरत असलं, तरी तोफ चालवतात माणसंच. तिला स्वतःचं इंजिन असतं, एवढंच. 'गाडीवरची हॉवित्झर' किंवा 'पट्ट्यांवरची हॉवित्झर' असं सरळ लिहावं, वाचकाला लगेच उमगतं.

लिहिताना 'हॉवित्झर' असंच लिहावं. 'हॉवित्जर' हे हिंदीतून नुक्ता गाळून आलेलं रूप आहे. आपल्याकडे झ चा दंत्य उच्चार असताना त्याची गरज नाही. लिंग स्त्रीलिंगी: ती हॉवित्झर, हॉवित्झरने, अनेकवचनात हॉवित्झर तोफा. तोफ स्त्रीलिंगी म्हणून ते आपल्याकडे आपोआप ठरलं, आणि चेकमध्ये होउफ्नित्सेही स्त्रीलिंगीच आहे.