मुलाला सैन्यात पाठवण्याआधी स्वतःचा फॉर्म भरा

पत्र: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आठ वर्षांपूर्वी आम्हा चौघांना ग्रीन कार्ड मिळालं. मुलगा १९ वर्षांचा आहे, मुलगी १५ वर्षांची. मुलाचं कॉलेजात लक्ष नाही. दोन सेमिस्टर वाया गेली, सारखा मित्राच्या गॅरेजमध्ये पडलेला असतो. मध्यंतरी पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा त्याच्याकडे अ‍ॅडेरॉलच्या चार गोळ्या सापडल्या. गोळ्या मित्राच्या होत्या, अभ्यासासाठी घेतल्या असं म्हणतो. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, तुरुंग होणार नाही, वर्षभराचं प्रोबेशन होईल, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली घरीच राहायचं. इथलं हल्लीचं वातावरण बघून झोप लागत नाही. मी ठरवलं आहे की त्याला अमेरिकी सैन्यात घालायचं. शिस्त लागेल, नागरिकत्व मिळेल, आणि एकदा वर्दी अंगावर चढली की त्याला देशाबाहेर कोण काढणार? नाहीच जमलं तर भारतात एनडीएला पाठवावं का? आम्ही दोघांनी अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. साताऱ्याकडे वडिलोपार्जित शेती आहे, मन होत नाही. मार्ग सांगा.

उत्तर:

कबुलीच्या कागदावर मुलाची सही अजून झाली नसेल तर ती थांबवा. आजच वकिलांना फोन करा आणि एवढंच विचारा: माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक नाही, हे तुम्ही लक्षात घेतलंय ना? मग इमिग्रेशनचं काम करणारा वेगळा वकील गाठा आणि त्याला तो कागद दाखवा. सैन्य, कॉलेज, एनडीए, सगळं त्यानंतर. आणि तोपर्यंत मुलाला भारतात आणू नका, दिवाळीलासुद्धा नाही. अशी केस डोक्यावर असताना परतीच्या विमानतळावर नवाच घोळ उभा राहू शकतो.

‘तुरुंग होणार नाही’ हे वाक्य ऐकून तुम्हाला हायसं वाटलेलं दिसतं. फौजदारी कोर्टापुरतं ते खरं आहे. पण इमिग्रेशनच्या कायद्याचं गणित निराळं असतं. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कसलंही बंधन घातलं, अगदी प्रोबेशनसुद्धा, की त्या कायद्याच्या लेखी मुलगा दोषी ठरला. पुढे वर्ष नीट काढलं म्हणून राज्याने रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनवाले सहसा ते मानत नाहीत. अमली पदार्थ जवळ बाळगण्याच्या बाबतीत कायद्याने एकच फट ठेवली आहे: स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच. अ‍ॅडेरॉल हे अ‍ॅम्फेटामिन, म्हणजे मेंदूला उत्तेजना देणारं नियंत्रित औषध आहे, त्याला ही सवलत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सापडलेल्या चार गोळ्यांची कबुली ग्रीन कार्डवाल्या माणसाला देशाबाहेर काढायला पुरते.

वकिलांना हे माहीत नसेल का, असं तुम्हाला वाटेल. होजे पाडियाच्या वकिलालाही माहीत नव्हतं. होंडुरासमध्ये जन्मलेला हा ट्रक ड्रायव्हर ४० वर्षांहून अधिक काळ ग्रीन कार्डवर अमेरिकेत होता. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, तू इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पाडिया विरुद्ध केंटकी’ या खटल्यात सांगितलं की कबुलीचा असा परिणाम अशिलाला समजावून सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. तुमच्या वकिलांवरही हे बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. आणि हो, हा पाडिया व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात होता. त्याने सेवा केली होती म्हणून कारवाई काही थांबली नाही.

आता तुमच्या त्या वर्दीकडे येतो, कारण पत्रातला सगळा बेत तिच्यावर उभा आहे.

भरतीच्या वेळी राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ घेतात. कित्येक पोरांना वाटतं, झालो आपण अमेरिकन. भरती करणाऱ्यांनीच आपल्याला तसं सांगितलं, असं यातले अनेक माजी सैनिक आजही सांगतात. पण ती शपथ सैन्याच्या नोकरीची असते. नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज स्वतः भरावा लागतो. सोबत सेवा सन्मानाने चालू असल्याचा सैन्याचा दाखला लागतो, तो एन-४२६. सैनिकाला फी नाही. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धकाळ धरला जात असल्याने पाच वर्षं थांबावंही लागत नाही. या वाटेने २००२ पासून दीड लाखाहून जास्त सैनिक नागरिक झाले आहेत. वाट चांगली आहे, पण तिच्यावरून स्वतः चालत जावं लागतं. बदल्या आणि तैनातीच्या धबडग्यात कागद मागे पडला, कुणी पाठपुरावा केला नाही, तर माणूस सेवा संपवून ग्रीन कार्डवरच बाहेर पडतो. नियमही एका जागी राहत नाहीत. २०१७ मध्ये संरक्षण खात्याने त्या दाखल्यासाठी १८० दिवसांच्या सेवेची अट घातली, २०२० मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. आणि सेवेतून मिळवलेलं नागरिकत्व, पाच वर्षं पूर्ण होण्याआधी सन्मानाशिवाय बाहेर पडावं लागलं तर काढूनही घेता येतं. (हे वाचणाऱ्या, एच-४ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या मुलांच्या आईबापांसाठी: व्हिसावरच्या मुलांना भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य पाहून घेणारी ‘मावनी’ नावाची योजना होती. तिच्या सुरुवातीच्या यादीत हिंदी, पंजाबी, तमिळही होत्या. २०१६ मध्ये तिची भरती बंद झाली. आज ग्रीन कार्ड लागतंच.)

ज्यांचा कागद राहून गेला, त्यांचं काय होतं? मेक्सिकोत, सीमेला लागून, तिहुआना नावाचं शहर आहे. तिथे अमेरिकेने बाहेर काढलेल्या माजी सैनिकांचं एक आश्रयघर आहे, त्याला ते ‘बंकर’ म्हणतात. ते सुरू केलं हेक्टर बाराहास यांनी. सात वर्षांचे असताना अमेरिकेत आले, ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये होते. बाहेर पडल्यावर गाडीवर गोळी झाडल्याबद्दल शिक्षा झाली, ती भोगली, आणि मग २००४ मध्ये त्यांना मेक्सिकोत पाठवलं. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी २०१७ मध्ये माफी दिली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ते नागरिक होऊन परतले. २०२५ची गोष्ट घ्या: पनामाच्या लढाईत गोळी लागून पर्पल हार्ट हे जखमी सैनिकांचं पदक मिळवलेले से जून पार्क जुन्या ड्रग्जच्या प्रकरणावरून दक्षिण कोरियाला निघून गेले. तेही सात वर्षांचे असताना अमेरिकेत आले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २०१३ ते २०१८ या काळात सुमारे २५० माजी सैनिकांवर अशी कारवाई झाली आणि त्यातल्या ९२ जणांना प्रत्यक्ष बाहेर काढलं. इमिग्रेशन खातं अशा प्रकरणांसाठी स्वतःच केलेले नियमही नीट पाळत नाही, असंही त्यात नोंदवलं होतं.

याचं मूळ १९९६च्या कायद्यात आहे. ‘गंभीर गुन्ह्यां’ची यादी त्या वर्षी इतकी लांबवली की वर्षभराची शिक्षा झालेली चोरी, तीसुद्धा स्थगित शिक्षा, त्यात बसते. आणि अशा माणसाबाबत ‘याने काय सेवा केली, याचं कुटुंब कुठे आहे’ हे बघून दया दाखवायची इमिग्रेशन न्यायाधीशाची सोय काढून घेतली. म्हणून वर्दी तिथे कामाला येत नाही. न्यायाधीशाला वाटलं तरी तिचं वजन टाकायला पारडंच ठेवलेलं नाही.

हे योग्य आहे का? तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मला हे अजिबात पटत नाही. विरोधी बाजू मला कळते. बाराहास यांनी गोळी झाडली होती, ती काही कागदोपत्री चूक नव्हती. पण तोच गुन्हा त्यांच्याच तुकडीतल्या जन्माने अमेरिकन असलेल्या सैनिकाने केला असता तर तो शिक्षा भोगून घरी आला असता. दोघांत फरक फक्त एका अर्जाचा, आणि तो अर्ज प्रशिक्षण छावणीतच भरून घेणं सैन्याला अवघड नाही. लढाईला न्यायचं, लढाईतून आलेली व्यसनं आणि रात्रीची दचकणं घेऊन परत पाठवायचं, आणि मग त्यातूनच घडलेल्या गुन्ह्यासाठी हद्दपार करायचं! यातला सगळ्यात विचित्र भाग असा की सन्मानाने सेवा संपवलेला असा माणूस मेल्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानवंदनेसह पुरला जाऊ शकतो. जिवंतपणी माजी सैनिकांच्या इस्पितळात यायला त्याला सीमा ओलांडू देत नाहीत.

कायदा बदलता येतो, हे आपल्याच एका माणसामुळे ठाऊक आहे. अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंड १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत रद्द झालं. १९२०मध्ये ओरेगन राज्यात पुन्हा मिळालं, तर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून ते नाकारलं. १९३५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांसाठी खास कायदा केला, तेव्हा १९३६ मध्ये ते एकदाचे नागरिक झाले. म्हणजे सेवेचं मोल कायद्यात लिहिता येतं. आजच्या माजी सैनिकांसाठीही विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत, पण पार पडलेली नाहीत. माझ्या मताने तुमच्या मुलाचा बचाव होणार नाही. त्याला आज जो कायदा आहे तोच लागेल.

तसंही, खटला चालू असलेल्या किंवा प्रोबेशनवर असलेल्या मुलाला सैन्य घेतच नाही. ‘जेल नको तर फौजेत जा’ हे जुन्या गोष्टींतलं झालं. केस स्वच्छ सुटली आणि त्याला स्वतःला जायचं असलं तर एएसव्हीएबी नावाची परीक्षा असते, ती काही फार अवघड नाही. पण नागरिक नसलेल्याला गोपनीय कामांची परवानगी मिळत नाही आणि अधिकारीही होता येत नाही, हे धरून चला. एनडीएला साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय लागतं. तो विषय सोडा. शिवाय भारतात तीन-चार वर्षं राहिला तर ग्रीन कार्डही जाईल.

आता जे मला खरं बोलायचंय ते. रागावू नका.

तुम्हाला ग्रीन कार्ड मिळून आठ वर्षं झाली. पाच वर्षांनी अर्ज करता येतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वी, मुलगा १६ वर्षांचा असताना, तुमच्यापैकी एकाने जरी अर्ज करून शपथ घेतली असती, तर अठराच्या आत असलेला आणि तुमच्याजवळ राहणारा मुलगा त्याच दिवशी आपोआप नागरिक झाला असता. परीक्षा नाही, मुलाखत नाही, बंदूक तर नाहीच. आज त्या चार गोळ्यांचं प्रकरण प्रोबेशन आणि ओरड्यावर मिटलं असतं. तुमचं मन होत नव्हतं, ते मी समजू शकतो. पण तुमच्या न झालेल्या मनाची भरपाई मुलाने फौजेत जाऊन करावी, हा हिशेब मला पटत नाही.

आणि शेतीचं म्हणाल तर, परदेशात राहणारे म्हणून नवी शेतजमीन तुम्हाला आजही विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, आयुष्यभर येण्याजाण्याचं कार्ड) झाल्यावरही राहते. उलट एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड देत नाही. तुमचा बेत सफळ झाला असता तर ज्या शेतीसाठी तुम्ही पासपोर्ट सांभाळलात, तिच्या बांधावर यायला मुलाला दर वेळी व्हिसा काढावा लागला असता.

मुलगी १५ वर्षांची आहे. तुम्ही आणि तुमच्या मिसेस, दोघांनी या महिन्यातच एन-४०० भरा. कामाला काही महिने, कधी वर्षही लागतं, तरी ती अठराची व्हायच्या आत होऊन जाईल. मुलाचा स्वतःचा अर्जही करता येतो, त्यालाही आठ वर्षं झालीच आहेत. पण केस निकाली लागून इमिग्रेशन वकील ‘हो’ म्हणेपर्यंत तो भरू नका, नाहीतर आपणच फाईल नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवल्यासारखं होईल.

राहिला मुलगा. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. त्याने अभ्यासासाठी घेतलेली गोळी ही मुळात लक्ष लागत नाही अशांना डॉक्टर देतात ती. दोन सेमिस्टर वाया गेल्यावर तुम्ही शिस्तीचं औषध शोधलंत. त्याचं लक्ष का लागत नाही, हे एखाद्या डॉक्टरला विचारलंत का? आणि गॅरेजमध्ये तो नुसता ‘पडलेला’ असतो की इंजिन उघडून बसतो? उघडत असेल तर काउंटी कॉलेजातला ऑटोमोटिव्ह किंवा डिझेलचा कोर्स आहे, विमान दुरुस्तीचं एफएएचं, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक खात्याचं लायसन्स आहे. त्यात पोट चांगलं भरतं आणि हात काळे होतात, यातलं दुसरं तुम्हाला खुपत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल. फक्त त्या केसबद्दल त्यात एक अक्षरही नको. ते वकिलांशीच बोलू दे.